कारहुणवीचा नारळ आणि सोळा इंची चाकं

नांदेड
१२ मे २०२५

ती. मामांना अमरेशचा शरणार्थ.

लग्नाला आठ वर्षं झाली, तरी फोनवर आपलं बोलणं "बरं हाय का" आणि "हाव, बरं हाय" याच्या पुढे सरकत नाही. मग आपण दोघंही फोन शिवानीच्या हातात जायची वाट बघतो. पत्रात मात्र तुम्ही मोकळं बोलता, सासऱ्यानं जावयाशी बोलावं त्याहूनही मोकळं, म्हणून ही बातमी पत्रानंच कळवतो. माझं फ्लेक्स आणि फोटो छापायचं दुकानच असल्यानं पत्राचं अक्षर मुद्दाम ठसठशीत छापलं आहे. भिंग घेऊन सावकाश वाचा.

आपल्या पांढऱ्या गाडीला अलॉयची चाकं बसवली. आधीची लोखंडी चौदा इंची होती, ही सोळा इंची, काळीभोर, पाच आऱ्यांची. तुम्ही विचाराल की गाडी तेवढीच आणि चाक मोठं, हे बसलं कसं. तर धातूची रिम मोठी झाली तसं वरचं टायर चपटं घेतलं, त्यामुळे बाहेरून चाकाची उंची होती तेवढीच राहिली. पण गाडी जमिनीवर उभी कशी राहते ते बघायला पाहिजे. दुकानातून निघताना मी दोनदा मागे वळून बघितलं. शिवानी म्हणाली, "घरातला पंखा खडखड करून राहिला, अन् तुम्ही चाकं बदलून आले." पण रात्री गॅलरीतून तीही डोकावून गेली.

बसवण्याआधी चारही चाकं एका रांगेत मांडून फोटो काढला, तो सोबत मोठा छापून पाठवतो. तुम्ही जनावरांच्या प्रदर्शनात बैलाला गुण देता तसे या चाकांना द्या. उगाच जावयाचं मन राखू नका.

शिवानीचा निरोप नेहमीचाच आहे. मागच्या दिवाळीत डॉक्टरांनी मोतीबिंदू पिकत आलाय म्हणून सांगितलं होतं. आणखी लांबवलं तर अवघड होईल, असंही म्हणाले होते. नांदेडला या, ऑपरेशन करून घ्या, आठ-पंधरा दिवस राहा. ती विषय काढते आणि मग अर्ध्यावर सोडून उठते. तिचं ते उठून जाणं मला बघवत नाही.

तुमचा
अमरेश


देवणी
१९ मे २०२५

॥ ॐ नमः शिवाय ॥

जावई अमरेशराव यांना देवणीहून गुरुपादप्पाचा शरणार्थ.

पत्र पोचलं, फोटोही पोचला. अंगणात उन्हाला खुर्ची टाकून दोन्ही निगुतीनं बघितलं.

गुण मागितलेत, तर परीक्षकासारखंच बोलतो. चौघंही एका रांगेत मांडलेत हे बरं केलं, तुलना करता येते. अंगानं भरलेली आहेत. बसण्यात डौल आहे. डावीकडून दुसरं जरा जास्त रुबाबदार वाटलं, त्याला दोन गुण जास्त देतो. वरच्या अंगाला थोडी गुलाबी झाक दिसली, ती उजेडाची करामत असेल. एकूण शंभरात नव्वद. आजवर मी नव्वद फक्त संगप्पाच्या बैलाला दिलेत, हे ध्यानात ठेवा.

पांढऱ्या अंगाला काळी चाकं, म्हणजे तुमची गाडी आता वानेरा झाली. आपल्या देवणी जनावरात अंग पांढरं आणि तोंड काळं असतं तो वानेरा, बाजारात त्यालाच आधी गिऱ्हाईक. तुमची नजर चांगली आहे, जावई. आठ वर्षांपूर्वी शिवानीला बघायला आलात तेव्हाच मी हे तिच्या आईला बोललो होतो.

एक शंका मात्र आहे. टायर चपटं म्हणजे खूर मोठा आणि त्यावर मांस कमी. खड्ड्यातून जाताना दणका सरळ हाडाला लागत असणार. ते कसं काय?

डोळ्यांचं म्हणाल तर माझे डोळे ठणठणीत आहेत. बाजारात अजून लांबून सांगतो जनावर कुणाच्या गोठ्यातलं ते. शिवाय मुलीच्या घरी मुक्काम ठोकून बसणं आमच्यात बरं दिसत नाही. शिवानीला सांगा, बाप चांगला आहे. तिनं जेवत जावं वेळेवर.

आपला
गुरुपादप्पा


नांदेड
२६ मे २०२५

ती. मामांना शरणार्थ.

तुमचं पत्र मी दुकानात येईल त्याला वाचून दाखवलं. नव्वद गुण म्हटल्यावर माझ्या हाताखालची पोरंसुद्धा चाकांकडे नव्यानं बघू लागली. गाडीला वानेरा हे नावच पडलं आहे. शिवानीही आता "वानेरा सावलीत लावा" म्हणते. ती गुलाबी झाक बहुतेक शेजारच्या साडीच्या दुकानाच्या पाटीची असावी. एवढी बारीक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली नाही याचं कौतुक वाटलं. खरं सांगायचं तर तुमच्या डोळ्यांविषयी आम्ही उगाच काळजी करतो की काय, असं मी शिवानीला म्हणालोसुद्धा. 

तुमची शंका मात्र खरी निघाली. दणका हाडालाच लागतो. नायगावपर्यंत एका कामाला गेलो होतो, रस्ता चांगला होता तोवर गाडी लोण्यावरून गेल्यासारखी गेली. आतल्या रस्त्याला लागलो आणि शिवानी डबा मांडीवर धरून म्हणाली, "चाकं तुम्हाला दिसतात, खड्डे मला दिसतात." वळणावर मात्र गाडी अशी जमीन धरून जाते की मला शिवानीपुढे हसू लपवावं लागलं.

बैलांच्या सणाला, कारहुणवीला, आम्ही देवणीला येतोय. बैलं सजतील त्या दिवशी वानेऱ्यालाही रांगेत उभा करा, तेवढी हौस आहे. पूजा तुमच्याच हातची.

तुमचा
अमरेश


देवणी
१४ जून २०२५

॥ ॐ नमः शिवाय ॥

जावई अमरेशराव यांना शरणार्थ.

तुम्ही गेलात आणि गोठा सुना वाटायला लागला. यंदाची कारहुणवी गावाच्या लक्षात राहणार. बैलांच्या शिंगांना रंग, पाठीवर झुली, आणि शेवटी तुमची गाडी, बॉनेटवर तिलाही झूल. शेजारची केवळाबाई ओवाळायला आली ती आधी गाडीलाच ओवाळून गेली आणि बैल बघत राहिले. गल्लीतला शेषेराव तर गाडीच्या भोवती दोनदा फिरला. "अप्पा, जावयानं चाकं लई मोठी केली की वो," म्हणाला. मी म्हणालो, "जावई मोठा हाय, चाकं बी मोठीच पायजेत."

मी चाकांवरून हात फिरवला तेव्हा तुम्ही हसलात. जनावर हातानं बघायची खोड जात नाही. पाच आऱ्यांमधून बोटं फिरवली, धातू गार आणि गुळगुळीत, कुठं खरबरीत लागलं नाही. ओतणाऱ्याचा हात चांगला आहे.

नारळाचं मनावर घेऊ नका. तुम्ही चाकापुढं दगड ठेवला होता, तरी मी नारळ चाकावरच मारला याचं तुम्हाला नवल वाटलं असेल. पूर्वी बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असायची, आम्ही नारळ त्या धावेवर फोडायचो. हात जुन्या वळणानं गेला. चाकाला काही झालं नाही असं तुम्ही म्हणालात, म्हणून मी निर्धास्त आहे.

शिवानीनं निघताना पुन्हा डोळ्यांचं काढलं. तिला म्हणावं, रडायचं काम नाही.

आपला
गुरुपादप्पा


नांदेड
२५ जून २०२५

ती. मामांना शरणार्थ.

हे पत्र लिहायला चार दिवस घेतले. छापलं, फाडलं, पुन्हा छापलं. तुमचा मान कुठे कमी होऊ नये म्हणून शब्द शोधत होतो, आता सापडतील तेवढ्यावर लिहितो.

मागच्या आठवड्यात आमच्याकडचे नरसिंग गुरुजी दुकानात आले. ते आणि त्यांचे तीन सोबती शाळेतून निवृत्त झाले, त्या सत्काराचा फोटो त्यांनी माझ्याकडून छापून घेतला होता. पाकीट घरी नेऊन तसंच ठेवलं होतं, त्या दिवशी पाहुण्यांपुढे उघडलं. गुरुजी मला म्हणाले, "अमरेश, आम्ही चौघं बसलो होतो खुर्च्यांवर. ही चाकं कुठून आली?"

त्यांच्या पाकिटात माझी चाकं होती, मामा. म्हणजे तुमच्याकडे जो फोटो आला तो चार गुरुजींचा. एका रांगेत खुर्च्यांवर बसलेले, गळ्यात हार, डोक्याला गुलाबी फेटे.

मी दुकानात हसत सुटलो. गुरुजीही हसले. ते गेल्यावर तुमचं पत्र काढून पुन्हा वाचलं, आणि माझं हसू गेलं.

मग कारहुणवी आठवली. दगड मीच ठेवला होता, चुना लावून, पांढराशुभ्र. तुम्ही जुनी रीत म्हणालात आणि मी ती खरी मानली. तुम्ही चाकांवरून हात फिरवलात तेव्हा मी हसलो, त्याची आता लाज वाटते.

शिवानीला मी काही सांगितलेलं नाही. तिला कळायचं तर तुमच्या तोंडून कळावं. पण मामा, तुम्हाला किती दिसतं ते मला खरं सांगा. मी जावई म्हणून विचारत नाही. वडील गेले तेव्हा मी शाळेत होतो, त्यानंतर कुणाला असं विचारायची वेळ आली नाही.

तुमचा
अमरेश


देवणी
३ जुलै २०२५

॥ ॐ नमः शिवाय ॥

चि. अमरेश यास अनेक आशीर्वाद.

आज जावई लिहिलं नाही, समजून घ्या.

तुमचं पत्र वाचायला मला पूर्ण सकाळ लागली. एकेक अक्षर भिंगाखाली धरायचं, मग ते डोक्यात ठेवायचं आणि पुढच्याकडे जायचं. गुलाबी फेट्यांपर्यंत आलो आणि एकटाच हसलो. मी म्हणतो तसं "बसण्यात डौल" होताच की त्यांच्या. मग भिंग खाली ठेवलं.

खरं ते सांगतो. उजव्या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. डाव्यानं माणूस आलं हे कळतं, कोण ते आवाजावरून. बाजारात जनावर ओळखतो ते त्याच्या घंटेवरून. मागच्या दोन प्रदर्शनांत मी हातानं गुण दिले. पाठ, खांदा, वशिंड, खूर, सगळं चाचपून. लोक म्हणाले, "अप्पाची बघायची तऱ्हाच न्यारी." मी म्हणू दिलं.

नारळ हातातून सुटला तेव्हाच आवाजावरून कळलं की तो दगड नव्हे. तुमचं नवंकोरं चाक, किती हौसेनं आणलेलं, आणि तुमच्या तोंडातून तक्रारीचा चकार शब्द नाही. उलट "लई झकास फुटला, मामा" म्हणालात. तुम्ही सगळे जेवायला बसलात तेव्हा मी हात धुवायच्या निमित्तानं गाडीपाशी जाऊन अंगठ्यानं चाचपून बघितलं. कडेला खोच पडलीय, नखाएवढी. तुम्ही ती मला कळू दिली नाहीत, मी माझं तुम्हाला कळू दिलं नाही. आपण दोघं एकाच गोठ्यातले दिसतो.

मुलीच्या घरी राहणं बरं दिसत नाही हे निमित्त होतं. मला भीती वाटते. शिवानीची आई, जगदेवी, लातूरला दवाखान्यात निघाली तेव्हा मला म्हणाली होती, "दोन दिसांत येते, वासराला पेंड टाकत जा." ती आली नाही. डॉक्टरांनी त्यांच्याकडून काही कमी केलं नाही, तिचं दुखणंच तसलं होतं. पण तेव्हापासून दवाखान्याची पायरी म्हटली की मी काही ना काही निमित्त काढतो. एवढा दांडगा बैल वेसणीला धरून उभा करणारा माणूस मी, आणि हे कुणाला सांगायचं? शिवानीला सांगितलं तर ती आईसाठी पुन्हा रडेल.

आता तुम्हाला सांगून झालं आणि हलकं वाटतंय. येतो मी. येऊन घेऊन जा.

एकच मागणं आहे. पट्टी निघाली की आधी मला शिवानीचं तोंड बघायचंय, आणि मग खाली येऊन तुमची चाकं बघायचीत. नव्वद गुण दिलेत, ते बरोबर दिले की नाही ते परीक्षकाला कळायला हवं.

शिवानीला मी आज फोन करतो. तिला माझ्याच तोंडून सांगतो.

तुमचा
गुरुपादप्पा


नांदेड
९ जुलै २०२५

ती. मामांना शरणार्थ.

तुमचा फोन आला तेव्हा शिवानी पोळ्या लाटत होती. बोलून झाल्यावर तिनं गॅस बंद केला, पिठाच्याच हातानं माझा हात धरला आणि म्हणाली, "अप्पा येऊन राहिले." एवढंच. मग पुन्हा लाटायला बसली आणि मला चार पोळ्या जास्त वाढल्या.

रविवारी सकाळी निघतो. मुखेडकडून, उदगीरमार्गे. पुढची सीट तुमची. आतल्या रस्त्याला मी गाडी सावकाश घेईन, तरी दणके बसतील. चाकांच्या वतीनं आधीच माफी मागून ठेवतो.

नारळाची खोच भरून देणारा माणूस नांदेडात आहे. तुम्ही बघाल तोवर चाक नव्यासारखं करून ठेवतो.

तुमचा
अमरेश


देवणी
९ ऑगस्ट २०२५

॥ ॐ नमः शिवाय ॥

चि. अमरेश यास अनेक आशीर्वाद.

हे पत्र साध्या पेनानं, बारीक अक्षरात लिहितोय, बघा. डावा डोळा अजून व्हायचा आहे, पण उजव्यावर माझं भागतं. भिंग केवळाबाईच्या नातवंडांना खेळायला दिलं.

तुमच्याशी एक भांडण बाकी आहे. तिथं बोललो असतो तर शिवानी मध्ये पडली असती, म्हणून इथं येऊन काढतो.

पट्टी निघाली तेव्हा शिवानी समोर उभी होती. तिच्या कानाजवळचे केस पिकायला लागलेत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. अगदी तिच्या आईसारखे, तिथूनच सुरुवात. मी तिचा चेहरा हातात धरून बसलो.  डॉक्टर बिचारे दाराशीच थांबले.

मग तुमच्या घरी राहिलो. वाटलं होतं अवघडल्यासारखं होईल, पण सकाळी उठून गॅलरीत बसलो की तुम्ही चहा आणून द्यायचात आणि आपण दोघं काही न बोलता रस्ता बघायचो. आठ वर्षांत फोनवर जमलं नाही ते तिथं जमलं. रोज मी विचारायचो, चाकं दाखवा. आणि रोज तुम्ही म्हणायचात, गाडी दुरुस्तीला दिलीय, निघायच्या दिवशी बघा.

निघायच्या दिवशी खाली आलो. गाडी उभी होती, धुऊन पुसून. आणि चाकं जुनी. तीच चौदा इंची लोखंडी, वर प्लास्टिकच्या टोप्या. मी विचारलं तर तुम्ही म्हणालात, नवी चाकं जरा कामाला दिलीत. मी पुढच्या सीटवर जाऊन बसलो.

मुखेडच्या पुढे तुम्ही पाणी आणायला उतरलात तेव्हा मी शिवानीला विचारलं. ती म्हणाली, "डॉक्टर म्हणले डोळ्याला धक्के नकोत. तुम्ही आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी ह्यांनी चाकं उतरवली. म्हणले, आपली हौस हाय, ती थांबती, डोळा थांबत न्हाई." एवढं सांगून तिनं खिडकीबाहेर बघितलं. तुमच्याविषयी बोलताना तिचा आवाज कसा होतो, ते तुम्हाला माहीत नसेल. मला त्या दिवशी कळलं.

तुम्ही परत येऊन गाडी सुरू केलीत. एक खड्डा असा लागला नाही की ज्यासाठी तुम्ही आधी गाडी सावकाश केली नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन, मध्ये तुरीचे पट्टे, हिरव्याचे इतके प्रकार मी विसरलोच होतो. पण खरं सांगतो, निम्मा रस्ता मी शेतं बघितली नाहीत. तुम्ही गाडी चालवत होतात, मी तुम्हाला बघत होतो. शिवानीला बघायला आलात तेव्हा तुम्ही काटकुळे होतात. आता खांदे भरलेत, चाल संथ आहे, नजर रस्त्यावर आणि लक्ष शेजारच्या माणसावर. परीक्षक म्हणून आयुष्य काढलं, पण माणसाला गुण द्यायची वेळ आली की अंक सापडत नाही. ते न दिलेले गुण तुम्हीच समजून घ्या.

गुरुजींचा फोटो ओसरीवर लावलाय. डावीकडून दुसरे खरंच रुबाबदार आहेत, त्यांचे दोन गुण जास्त राहू द्या. शेषेराव विचारतो, "हे कोण पाव्हणे वो अप्पा?" मी म्हणतो, "जावयाची चाकं." तो अजून माझ्या तोंडाकडे बघतो.

आता महत्त्वाचं. दिवाळीला याल तेव्हा नवी चाकं चढवूनच या. डोळ्याला धक्क्याची भीती आता नाही, आणि मला ती बघायची राहिलीत. आणि ती खोच भरायला माणूस आहे म्हणाला होतात, तर त्याच्याकडे जाऊ नका. भरली असेल तर मला वाईट वाटेल. ती माझी आहे, मी बोटानं पाहिलीय, आता डोळ्यानं बघेन.

नारळ मीच फोडणार. दगड चुना न लावता ठेवला तरी चालेल.

तुमचा
गुरुपादप्पा